डोक्याला मार लागला : तान्ह्यापासून आजीपर्यंत काय पाहायचे?



डोक्याला मार लागणे ही आपल्या वस्तीत नवलाची गोष्ट नाही. झोळीतून तान्हे मूल पडते. पतंगाच्या दिवसांत पोरे पत्र्यावर चढतात. सेंट्रिंगच्या कामावर, उसाच्या ट्रॉलीवर, मोटारसायकलवर आपलीच माणसे असतात. पुणे-नाशिक महामार्ग तर संगमनेरला लागूनच जातो. मोरीत पाय घसरून म्हातारी माणसे पडतात. आणि काही घरांत बाईचे डोके भिंतीवर आपटले जाते. त्याची बातमी कुठेच येत नाही.

मार लागला की आपण दोन गोष्टी पाहतो. रक्त किती आले आणि टेंगूळ केवढे आले. रक्त थांबले, टेंगूळ उतरले की आपण निर्धास्त होतो. पण मेंदूची इजा या दोन गोष्टींवरून कळत नाही. डोक्याच्या कातडीत रक्तवाहिन्या खूप असतात. म्हणून लहानशा जखमेतूनही भळाभळा रक्त येते आणि आतला मेंदू मात्र ठीक असू शकतो. उलट बाहेर साधा ओरखडाही नसतो आणि आत रक्त साठत असते.

मग ओळखायचे कशावरून? माणसाच्या वागण्यात पडलेल्या फरकावरून. तो काल कसा होता आणि आज कसा आहे, यावरून. डॉक्टर रुग्णाला पहिल्यांदाच पाहत असतात. काल तो कसा बोलत होता, कसा चालत होता, हे त्यांना ठाऊक नसते. ते घरच्यांना ठाऊक असते. म्हणून मेंदूच्या इजेचा पहिला तपासनीस घरातलेच माणूस असते.

अडचण अशी की हा फरक प्रत्येक वयात वेगळ्या रूपात दिसतो. आणि प्रत्येक वयासाठी आपल्याकडे एक चुकीचे नाव तयार असते. तान्ह्याला 'दृष्ट लागली'. शाळकरी मुलाला 'आळशी झालाय'. तरुणाला 'प्यायलाय'. बाईला 'नाटक करते' किंवा 'बाहेरचं काहीतरी आहे'. म्हाताऱ्याला 'चळ लागलाय'. नाव चुकले की उपचार चुकतो आणि हाताशी असलेला वेळ निघून जातो. या लेखात आपण वयानुसार खरी लक्षणे समजून घेऊ.

आत नेमके काय होते?

मेंदू मऊ असतो आणि कवटी कठीण. जोराचा धक्का बसला की मेंदू आतल्या आत हलतो, कवटीवर आदळतो. कधी मेंदूचे काम थोडा वेळ विस्कळीत होते. कधी आतली रक्तवाहिनी फाटते आणि रक्त साठू लागते. पायाला मार लागला तर पाय सुजतो, सुजेला बाहेर जागा मिळते. कवटीला ताणता येत नाही. साठणारे रक्त आणि वाढणारी सूज मेंदूलाच दाबू लागते. हा दाब वाढत गेला तर शुद्ध, श्वास आणि जीव, तिन्ही धोक्यात येतात.

सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे हा दाब वाढायला वेळ लागतो. धमनी फाटली असेल तर काही तास, बारीक शीर फाटली असेल तर काही दिवस किंवा काही आठवडे. मधल्या काळात माणूस बोलतो, चालतो, चहा मागतो. सगळ्यांना वाटते, वाचला.

क्रिकेट पाहणाऱ्यांना रमण लांबा हे नाव आठवत असेल. भारताकडून खेळलेला हा फलंदाज २० फेब्रुवारी १९९८ रोजी ढाक्यात एका क्लब सामन्यात फलंदाजाच्या अगदी जवळ, हेल्मेट न घालता क्षेत्ररक्षण करीत होता. जोरात मारलेला चेंडू त्याच्या डोक्यावर लागला. तो स्वतःच्या पायांनी मैदानाबाहेर गेला. काही वेळाने त्याची शुद्ध हरपली. २३ फेब्रुवारीला त्याचा मृत्यू झाला. वय होते ३८.

दुसरी हकिकत त्याहून जुनी आहे. १७ मार्च १९६२ रोजी बार्बाडोसमध्ये भारताचे कर्णधार नरी काँट्रॅक्टर यांच्या डोक्यावर चार्ली ग्रिफिथचा चेंडू लागला. कवटी फुटली, आत दाब वाढत गेला. तातडीने शस्त्रक्रिया करावी लागली आणि रक्त हवे होते. रक्त देणाऱ्यांत वेस्ट इंडिजचे कृष्णवर्णीय कर्णधार फ्रँक वॉरेल होते, आपल्या संघातले पॉली उम्रीगर, चंदू बोर्डे होते आणि नाशिकला जन्मलेले बापू नाडकर्णी होते. काँट्रॅक्टर पारशी, वॉरेल परदेशी. रक्ताला जात, धर्म, वंश नसतो हे त्या दिवशी पुन्हा सिद्ध झाले. काँट्रॅक्टर पुन्हा कसोटी खेळू शकले नाहीत, पण ते वाचले आणि पुढे दीर्घ आयुष्य जगले. धोका वेळेत ओळखून शस्त्रक्रिया झाली तर काय होऊ शकते, ते यातून दिसते.

कोणत्याही वयात दिसली तर लगेच दवाखाना

पुढीलपैकी एक जरी लक्षण दिसले तरी 'सकाळी बघू' म्हणायचे नाही.

– मार लागल्यावर क्षणभर का होईना शुद्ध हरपली.
– पुन्हा पुन्हा उलटी होते.
– डोकेदुखी कमी होण्याऐवजी वाढत जाते.
– झटके येतात, म्हणजे फिट येते.
– नाकातून किंवा कानातून रक्त किंवा पाण्यासारखा पातळ द्रव येतो.
– दोन्ही डोळ्यांभोवती किंवा कानामागे काळेनिळे पडते.
– डोळ्यातली काळी बाहुली एका बाजूला मोठी आणि दुसऱ्या बाजूला लहान दिसते.
– एक हात किंवा पाय लुळा पडतो, तोंड वाकडे होते, बोलणे अडखळते, एकाचे दोन दिसतात.
– तेच तेच विचारतो, माणसे ओळखत नाही, कुठे आहे ते सांगता येत नाही.
– गुंगीत जातो, हाक मारूनही नीट जागा होत नाही.
– मान दुखते किंवा हातापायांना मुंग्या येतात.

ही यादी कापून घराच्या भिंतीवर लावा. आता वयानुसार पाहू.

तान्हे बाळ : 'दृष्ट लागली' म्हणू नका

बाळाला डोके दुखते असे सांगता येत नाही. त्याची भाषा म्हणजे रडणे, पिणे आणि झोपणे. या तिन्हींत बदल झाला का ते पाहा. कडेवर घेऊनही, अंगावर पाजूनही रडणे थांबत नाही. किंवा उलट, बाळ एकदम शांत झाले आहे, अंग सैल पडले आहे, उठवले तरी दूध ओढत नाही. पुन्हा पुन्हा उलट्या होतात. अंग ताठ होते किंवा झटके येतात. डोक्याच्या बाजूला मऊ, पिलपिलीत सूज आली आहे.

बाळाची टाळू हात लावून पाहा. बाळाला उभे धरून, ते शांत असताना पाहायचे, कारण रडताना टाळू फुगतेच. शांत असतानाही ती फुगलेली, ताणलेली लागली तर आत दाब वाढला असू शकतो. टाळू साधारण एक ते दीड वर्षात भरून येते. त्यानंतर ही खूण मिळत नाही.

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाच्या डोक्याला मार लागला असेल तर लक्षणे नसली तरी डॉक्टरांना दाखवा. पडल्यावर डोके तेलाने चोळू नका, दाबून 'बसवू' नका.

आणखी एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. रडणे थांबत नाही म्हणून वैतागून बाळाला गदागदा हलवणे फार घातक आहे. बाळाचे डोके जड असते आणि मान कच्ची असते. हलवताना मेंदू आत आपटतो आणि शिरा फाटतात. बाहेर एकही खूण दिसत नाही. सहन होईनासे झाले तर बाळाला सुरक्षित जागी निजवा, दुसऱ्या कुणाला हाक मारा, चार मिनिटे बाहेर जाऊन या. रडण्याने बाळाला इजा होत नाही. हलवण्याने होते.

जन्मताना उशिरा रडलेल्या बाळाच्या मेंदूलाही प्राणवायू कमी पडून इजा झालेली असू शकते. अशा बाळाच्या वाढीकडे लक्ष ठेवा. चार-पाच महिन्यांत मान धरत नाही, नऊ महिन्यांत आधाराशिवाय बसत नाही, दीड वर्षात चालत नाही, किंवा वर्षाच्या आत एकच हात वापरते आणि दुसरा मुठीत आवळून ठेवते, तर वाट पाहू नका. 'मुलगा आहे, उशिराच बोलतो-चालतो' हे समाधान खोटे आहे. अंगणवाडीत आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे तपासणी पथक येते. अंगणवाडी ताईंना विचारा आणि त्या दिवशी मूल नक्की न्या.

दोन ते पाच वर्षे : 'हट्टी झालंय' म्हणू नका

या वयातले मूल दुखणे नीट सांगू शकत नाही. 'डोकं' विचारले तर पोटावर हात ठेवते. पडल्यावर लगेच रडले, दहा-पंधरा मिनिटांत खेळायला लागले, खाल्ले, तर बहुधा चिंता नाही. तरी पुढचा दिवसभर लक्ष ठेवा.

शिकलेली गोष्ट मागे गेली का, ही या वयातली महत्त्वाची खूण आहे. शी-शू सांगणारे मूल पुन्हा कपड्यात करू लागले. बोलणारे मूल शब्द गिळू लागले. नीट चालणारे मूल एका बाजूला झोकांड्या खाऊ लागले. आवडते खेळणे समोर ठेवले तरी हात लावत नाही. दिवसा अवेळी झोपते. यात हट्ट नाही. मूल मागे का गेले, याचे कारण शोधायला हवे.

शाळकरी मूल : 'आळशी' म्हणू नका

शाळेतले मूल पडले की घरी सांगतेच असे नाही. मार खावा लागेल म्हणून लपवते. म्हणून घरात असा शिरस्ता पाडा की पडल्याचे सांगितले तर कुणी ओरडणार नाही.

मार लागल्यावरच्या दिवसांत पुढील गोष्टी पाहा. डोके दुखते, गरगरते. उजेड आणि आवाज सहन होत नाही. फळ्यावरचे लिहून घेता घेता मागे पडते. वाचलेले लक्षात राहत नाही. चटकन चिडते किंवा रडते. रात्री झोप नाही आणि वर्गात डुलक्या घेते. शिक्षक म्हणतात लक्ष नाही, आपण म्हणतो अभ्यासाचा कंटाळा. प्रत्यक्षात मेंदूला हादरा बसलेला असू शकतो.

अशा वेळी सीटी स्कॅन स्वच्छ येऊ शकतो. त्याचा अर्थ आत मोठा रक्तस्राव नाही, एवढाच. मूल खोटे बोलते असा नाही. बहुतेक मुले काही आठवड्यांत बरी होतात. तोवर कबड्डी, कुस्ती, क्रिकेट, सायकल बंद. कारण पहिला हादरा भरून येण्याआधी दुसरा बसला तर तो कितीतरी जास्त घातक ठरतो. शाळेत डॉक्टरांची चिठ्ठी द्या आणि गृहपाठ, परीक्षा यांत काही दिवसांची सवलत मागा. आपल्या मुलांनी शिकावे म्हणून बाबासाहेबांनी आयुष्य वेचले. एका न ओळखलेल्या इजेमुळे हुशार मुलावर 'ढ' असा शिक्का बसू देऊ नका.

तरुण आणि कमावता माणूस : 'प्यायलाय' म्हणू नका

रस्त्याकडेला एक माणूस पडला आहे. बोलणे बरळल्यासारखे आहे, उठवले तर तोल जातो, अंगाला दारूचा वास येतो. लोक म्हणतात, 'झोपू द्या, उतरली की उठेल.' मेंदूच्या इजेत माणूस नेमका असाच दिसतो. आणि दारू प्यायलेलाच माणूस पडतो, हेही खरे आहे. दोन्ही एकाच वेळी असू शकते. दारूची नशा हळूहळू उतरते, मेंदूवरचा दाब मात्र वाढत जातो. पण कोणते आहे हे पाहायला थांबण्यात माणूस हातचा जातो. म्हणून नियम सोपा ठेवा. डोक्यावर मार दिसला किंवा पडल्याचे कळले, तर दारूचा वास असो नसो, ती मेंदूची इजा समजून दवाखान्यात न्यायचे. दारू पिणे वाईट, पंचशील आपल्याला तेच सांगते. पण प्यायलेल्या माणसाचा उपचाराचा हक्क जात नाही.

बांधकामावर, ऊसतोडीत, हमालीत मार लागला तर मुकादम किंवा ठेकेदार म्हणतो, 'थोडा बस, बरं वाटेल.' बसवून ठेवू नका. डॉक्टरांना 'कामावर असताना मार लागला' असे स्पष्ट सांगून कागदावर लिहून घ्या. भरपाई मागताना हाच कागद उपयोगी पडतो.

काही इजा महिनोन्महिने राहतात. माणूस दवाखान्यातून चालत घरी येतो, पण पूर्वीचा राहत नाही. शांत माणूस तापट होतो. काम अर्धवट सोडतो. पैसे कुठे ठेवले ते विसरतो. लाजलज्जा न ठेवता बोलतो. घरात भांडणे होतात, काम सुटते. कपाळामागचा मेंदूचा भाग राग आवरणे, बेत आखणे ही कामे करतो. तिथे इजा झाली की स्वभावच बदलल्यासारखा वाटतो. हे डॉक्टरांना सांगा. औषध, सराव आणि घरच्यांची समज यांनी यात सुधारणा होते.

घरातली बाई : 'नाटक' म्हणू नका, 'बाधा' म्हणू नका

पडल्याने लागले, असे दवाखान्यात सांगितले जाते. खरे कारण नवऱ्याचा हात असतो. वारंवार डोक्यावर मार बसलेल्या बाईला सतत डोकेदुखी, चक्कर, विसर, झोप न लागणे, एकदम रडू येणे असा त्रास होतो. मग घरचे म्हणतात बाहेरची बाधा आहे, आणि देवऋषाकडे नेतात. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात असे होता कामा नये. बाधा वगैरे काही नाही. मार आहे, आणि तो मेंदूला लागला आहे.

गळा दाबणे हेही मेंदूवरचेच संकट आहे, कारण मेंदूला रक्त पोचत नाही. आवाज घोगरा झाला, गिळताना दुखते, डोळ्यांत लाल ठिपके आले, तर गळ्यावर वळ नसले तरी दवाखान्यात जायला हवे. भगिनींनो, डॉक्टर किंवा नर्स यांना एकटे गाठून खरे सांगा. उपचार योग्य होतात आणि नोंदही होते. महिलांसाठी १८१ ही मदतवाहिनी आहे, तातडीला ११२ आहे. शेजारणींनो, भिंतीपलीकडचा आवाज ऐकू आला तर 'त्यांचं घरचं आहे' म्हणून गप्प बसू नका.

आजी-आजोबा : 'चळ लागला' म्हणू नका

वय वाढते तसा मेंदू थोडा आकसतो. मेंदू आणि कवटी यांच्यामधल्या शिरा ताणल्या जातात. त्यामुळे बाजेवरून उतरताना झालेली साधी पडझड, दाराच्या चौकटीवर डोके आपटणे, एवढ्यानेही शीर फाटते. रक्त थेंबथेंब साठते. आत जागा असल्याने लगेच काही कळत नाही. दोन-तीन आठवड्यांनी, कधी त्याहून उशिरा लक्षणे दिसतात. तोवर पडल्याचे सगळे विसरलेले असतात.

आजी अलीकडे गोंधळते. नातवाला मुलाच्या नावाने हाक मारते. पाय ओढत चालते. एका हातातून पेला निसटतो. दिवसभर झोपते. अंथरुणात लघवी होते. आपण म्हणतो, वय झाले. पण म्हातारपण वर्षावर्षांनी येते. आठवड्या-दोन आठवड्यांत आलेला बदल म्हातारपणाचा नसतो. अशा वेळी 'गेल्या दोन-तीन महिन्यांत पडली होती का?' हा प्रश्न घरातल्या प्रत्येकाला विचारा आणि डॉक्टरांना सांगा. हे साठलेले रक्त कवटीला लहान छिद्र पाडून काढता येते आणि गोंधळलेली माणसे पुन्हा नीट बोलू-चालू लागतात. ज्याला आपण चळ म्हणून सोडून दिले, ते बरे होण्यासारखे असते.

हृदयाच्या किंवा लकव्याच्या आजारासाठी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर धोका वाढतो. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉर्फरिन ही त्यांतली नेहमीची नावे. अशा माणसाच्या डोक्याला मार लागला तर लक्षणांची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवा. गोळ्यांचे पाकीट सोबत न्या. गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका.

मार लागल्यावर पहिल्या दहा मिनिटांत

१०८ ला फोन लावा. ही रुग्णवाहिका मोफत आहे. जागेवर धोका नसेल तर माणसाला ओढू नका, उठवून बसवू नका. डोक्याला मोठा मार असेल तर मानेलाही इजा असू शकते. बेशुद्ध असेल आणि उलटी होत असेल तर दोघा-तिघांनी मिळून डोके, मान आणि पाठ एका रेषेत ठेवून कुशीवर वळवा, म्हणजे उलटी श्वासनळीत जाणार नाही. जखमेवर स्वच्छ कपडा धरून रक्त थांबवा. हाड खचलेले वाटले तर तिथे दाबू नका. कानातून-नाकातून काही येत असेल तर बोळा घालू नका.

पाणी, चहा, दूध काही पाजू नका. जखमेत हळद, चहापूड, तंबाखू भरू नका. फिट आली तर कांदा, चप्पल नाकाला लावू नका, दातांत चमचा घालू नका. झोपेची गोळी देऊ नका. दुखते म्हणून दुकानातून मनाने गोळी आणू नका, काही वेदनाशामक गोळ्यांनी रक्तस्राव वाढतो.

किती वाजता मार लागला, शुद्ध हरपली का, किती उलट्या झाल्या, हे कागदावर लिहा. दवाखान्यात डॉक्टर डोळे उघडतो का, बोलतो का, हातपाय हलवतो का, या तीन गोष्टींना गुण देतात. १९७४ मध्ये ग्लासगो शहरातल्या दोन डॉक्टरांनी ही पद्धत काढली. पूर्ण गुण १५, सर्वांत कमी ३. आठ किंवा त्याखाली म्हणजे गंभीर. गुण किती आहेत हे तुम्हीही विचारू शकता. दुसऱ्या दवाखान्यात नेताना तो आकडा सांगा, कारण गुण वाढतात की घसरतात हे सर्वांत महत्त्वाचे असते.

कुठे न्यायचे, खर्चाचे काय?

घुलेवाडीचे ग्रामीण रुग्णालय आपल्याला जवळ आहे. मोठ्या इजेसाठी सीटी स्कॅन आणि मेंदूचे शल्यविशारद दोन्ही लागतात. साध्या एक्स-रेत हाड दिसते, मेंदू दिसत नाही. म्हणून पुढे पाठवले तर 'तिथे स्कॅन आणि मेंदूची शस्त्रक्रिया होते ना?' हे निघण्यापूर्वी विचारा. लोणी, नाशिक, अहिल्यानगर, पुणे या दिशांना संगमनेरहून रुग्ण जातात. दोन दवाखाने फिरण्यात गेलेला वेळ परत मिळत नाही.

पैसे नाहीत म्हणून तातडीचा उपचार नाकारता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ च्या परमानंद कटारा खटल्यात सांगितले की जीव वाचवणे हे प्रत्येक डॉक्टरचे पहिले कर्तव्य आहे, पोलिसांचे सोपस्कार नंतर. अपघातग्रस्ताला दवाखान्यात नेणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले आहे. नाव सांगायची सक्ती नाही, खर्च भरायची सक्ती नाही. म्हणून महामार्गावर कुणी पडलेला दिसला तर घाबरून पुढे जाऊ नका.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मेंदूच्या शस्त्रक्रियांचा समावेश आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतो. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन आधी त्याला भेटा. रस्ता अपघातासाठी केंद्र सरकारने मे २०२५ मध्ये वेगळी योजना लागू केली आहे. तीत नेमलेल्या रुग्णालयात अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचा उपचार रोख पैसे न भरता मिळतो.

घरी आल्यावर : जीवकाची युक्ती

डॉक्टरांनी घरी सोडले तरी पहिले चोवीस तास माणसाला एकटे ठेवू नका. झोपू द्यायचे की नाही, रात्री किती वेळाने उठवून पाहायचे, हे डॉक्टरांना विचारून या. उठवल्यावर नाव, जागा विचारा. नीट उत्तर आले नाही किंवा वरच्या यादीतले काही दिसले तर परत न्या. एक-दोन दिवस पूर्ण विश्रांती. मोबाईल, टीव्ही, दारू, गाडी चालवणे बंद. मग हळूहळू नेहमीची कामे.

विश्रांती आपल्या लोकांना परवडत नाही हे खरे. रोज बुडतो. विनयपिटकात यावर एक बोधक गोष्ट आहे. भगवान बुद्धांचे वैद्य जीवक यांनी राजगृहाच्या एका श्रेष्ठीच्या डोक्याची शस्त्रक्रिया केली. त्याआधी त्यांनी त्याच्याकडून कबूल करून घेतले की एका कुशीवर सात महिने, दुसऱ्या कुशीवर सात महिने आणि पाठीवर सात महिने पडून राहीन. श्रेष्ठीला प्रत्येक कुशीवर सात दिवससुद्धा जेमतेम काढता आले. एकवीस दिवसांत तो बरा झाला. तेव्हा जीवक म्हणाले की एवढेच दिवस लागणार हे मला माहीत होते, पण महिने सांगितले नसते तर तू इतकाही पडून राहिला नसतास. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या वैद्याला रुग्णाचा स्वभाव कळत होता. सांगितलेली विश्रांती पूर्ण घ्या. एक आठवडा वाचवायला जाऊन वर्ष घालवू नका.

टाळता येणारा मार

मोटारसायकलवर पुढच्याने आणि मागच्यानेही हेल्मेट घालावे, पट्टा लावून. चार वर्षांवरील प्रत्येकाला ते कायद्याने सक्तीचे आहे, बाईला आणि मुलालाही. टाकीवर बसवलेले लेकरू सर्वांत आधी उडते. झोळी जमिनीपासून हातभर उंचीवरच बांधा, खाली गोधडी अंथरा. मोरीत खडबडीत फरशी किंवा गोणपाट टाका, म्हाताऱ्यांसाठी भिंतीला धरायला दांडी लावा, रात्री तिथे दिवा ठेवा. पत्र्यावर, कठडा नसलेल्या गच्चीवर पतंग उडवू देऊ नका.

एका आजारी भिक्खूकडे कुणी पाहत नव्हते, तेव्हा तथागतांनी आनंदासोबत स्वतः त्याला धुऊन-पुसून निजवले, ही कथा आपण विहारात ऐकतो. धम्मात शुश्रूषेला एवढे मोठे स्थान आहे. ती शुश्रूषा नीट पाहण्यापासून सुरू होते. येत्या पौर्णिमेला वंदनेनंतर पंधरा मिनिटे काढून धोक्याच्या लक्षणांची यादी विहारात मोठ्याने वाचा. वाचता न येणाऱ्या आजीपर्यंत आणि झोळी बांधणाऱ्या नव्या आईपर्यंत ती पोचू द्या. वस्तीत गाडी कुणाकडे आहे, रात्री कुणाला उठवायचे, ते त्याच बैठकीत ठरवून टाका. जय भीम.